नाही म्हटलेल्यांची यादी

मी काय काम करते असं कुणी विचारलं, की माझे वडील सांगतात, "पोट्टी लोकायचे फॉर्म तपासते." एवढं बोलून ते वांग्यांकडे वळतात. सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. अमरावतीत संख्याशास्त्र शिकले, पुण्याच्या एका विमा कंपनीत कित्येक वर्षं आकड्यांत डोकं घालून बसले, तिथून व्हेंचर कॅपिटल फंडात डेटा सायंटिस्ट म्हणून गेले, आणि घरच्या शेतावर माझी ओळख काय, तर फॉर्म तपासणारी.

एकदा मी त्यांना बांधावर बसवून नीट समजावून सांगितलं. बाबा, काही लोक नवा धंदा काढतात. त्यांच्याकडे तारण ठेवायला काही नसतं, म्हणून बँक त्यांना दारात उभं करत नाही. आमचा फंड त्यांना पैसा देतो आणि बदल्यात धंद्यातला हिस्सा घेतो. बरेच बुडतात, एखादाच असा वर जातो की सगळ्यांचं भरून काढतो. तो एखादा कोणता, हे आधीच ओळखायचं, हे माझं काम. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग थे वळखाले तू त्याईच्या घरी जाते का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही, ते अर्ज भरतात, त्यावरून ओळखते.

"म्हंजे फॉर्मच तपासते ना," ते म्हणाले आणि उठून पाण्याची पाळी बदलायला गेले.

फंडानं विदर्भासाठी वेगळी रक्कम काढली तेव्हा मी हे काम मागून घेतलं आणि अमरावतीला परत आले. शहरात दोन खोल्यांचं ऑफिस, पुण्याच्या मंडळींशी बैठका व्हिडिओवर, आणि रविवारी चांदूर रेल्वेच्या रस्त्यावरचं आमचं भाजीपाल्याचं शेत. फंडाचे प्रमुख, ज्यांना मी सर म्हणते, त्यांनी मला घेताना सांगितलं होतं, "आम्ही इतकी वर्षं माणूस बघून अंदाजानं पैसे दिले. तुम्ही आकड्यांवरून देऊन दाखवा." मी ते मनावर घेतलं. वर्षभर खपून एक मॉडेल बांधलं. अर्ज आला की मॉडेल तो वाचायचं, ग्राहक किती, वाढ कशी, बाजार केवढा हे बघायचं आणि शंभरपैकी गुण द्यायचं. चाळीसच्या खाली गेलेल्यांना नकाराचं पत्र आपोआप जायचं.

या मॉडेलमधल्या एका गोष्टीचा मला भारी अभिमान होता. आमच्या क्षेत्रात सगळे फुगवून सांगतात. ज्यानं एकदा ॲप उघडून बंद केलं तोही यांचा ग्राहक, ज्यानं नुसतं "बघू" म्हटलं तोही ग्राहक. मॉडेलला ही सवय मी शिकवून ठेवली होती. प्रत्येकाच्या आकड्यातून ते थोडी हवा काढून टाकायचं आणि उरलेल्यावर गुण द्यायचं. पुण्याच्या बैठकीत मी हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा सर इतके खूश झाले की त्यांनी ते पुढं तीन ठिकाणी स्वतः सांगितलं.

यंदाच्या फेब्रुवारीत त्यांचा फोन आला. पुढच्या शुक्रवारच्या बैठकीत दोन विषय होते. आर्थिक वर्षातली शेवटची गुंतवणूक कुणात करायची हे ठरणार होतं, आणि मला फंडात भागीदार करून घ्यायचं का, हेही. "मॉडेलवर पंधरा मिनिटं बोला," ते म्हणाले. "बाकी मी बघतो." फोन ठेवल्यावर मी ऑफिसात एकटीच उभी राहिले आणि चक्क हसले. मला ते भागीदारपण हवं होतं. पाट्या डोक्यावर घेऊन बाजारात जाणाऱ्या घरातली मुलगी त्या टेबलावर बसणार, आणि तीही आकड्यांच्या जोरावर, याचा मोह मला होता, आणि तो लपवावा असं मला आजही वाटत नाही.

त्याच आठवड्यातला रविवार. मी आणि बाबा शेतातल्या शेडखाली चहा घेत होतो. विहिरीवर मोटार चालू होती, कांद्याला पाणी जात होतं. बाबांचा मोबाइल वाजला. त्यांनी तो कानाला लावला, अर्धा कप चहा तसाच ठेवला आणि सत्तरीचा माणूस धोतर सावरत विहिरीकडे पळाला. मला वाटलं कुणीतरी विहिरीत पडलं. मीही मागं धावले. पोचले तोवर त्यांनी मोटार बंद केली होती आणि धापा टाकत उभे होते.

"काय झालं बाबा? कुणाचा फोन?"

"मोटारीचा," ते म्हणाले.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला आणि त्यांनी तो माझ्या हातात दिला. आत एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज होता, एकदम आपल्याकडचा, ठसक्यात. "मोटारीचं बेरिंग बिघडून राह्यलं. आधी बंद करा, मंग पाहा. बंद केली असंल त एक दाबा." मी एक दाबलं. "बरं केलं," बाई म्हणाली आणि फोन बंद झाला.

मी स्टार्टरची पेटी उघडली. आत जेवणाच्या डब्याएवढी एक पत्र्याची डबी बसवली होती. मोटारीला जाणाऱ्या वायरीभोवती एक कडं, त्यातून डबीत गेलेली बारीक तार, आणि डबीवर ऑइल पेंटनं हातानं लिहिलेला आकडा: ३१८. खाली अकोल्याच्या एका मोटार रिवायंडिंगच्या दुकानाचा फोन नंबर. बाबांनी सांगितलं की दिवाळीत आमच्या मेकॅनिकनं ती बसवून दिली. "गेल्या साली दोनदा जयाली मोटार, तुले मालूम हाय. औंदा एकदाबी नाही जयाली." संध्याकाळच्या आत मेकॅनिक आला, त्यानं मोटार उघडली आणि काढलेलं बेरिंग माझ्या तळहातावर ठेवलं. ते फिरवलं की आतून खडखड वाजत होतं. आणखी थोडा वेळ मोटार चालली असती तर आतलं तांब्याच्या तारेचं वाइंडिंग जळून गेलं असतं, असं तो म्हणाला.

मी ते बेरिंग हातात धरून बसले होते आणि मला वेगळंच काहीतरी आठवत होतं. अकोला, रिवायंडिंगचं दुकान, मोटारीवर डबी. हा अर्ज मी कुठंतरी पाहिला होता. लॅपटॉप गाडीतच होता. बांधावर बसून उघडला, शोधलं, सापडला. गेल्याच महिन्यातला, एका बाईचा अर्ज, गुण तेवीस, नकाराचं पत्र त्याच दिवशी गेलेलं. उत्पादन किती ग्राहकांकडे चालू आहे, या रकान्यात लिहिलं होतं: एक्केचाळीस.

एक्केचाळीस. सगळ्या वऱ्हाडात मिळून एक्केचाळीस डब्या, आणि त्यातली एक नेमकी माझ्या बापाच्या विहिरीवर? संख्याशास्त्र शिकलेल्या माणसाला असल्या योगायोगाचा त्रास होतो, झोप लागत नाही. मी उठले आणि नाल्याच्या कडेनं निघाले. शेजारची विहीर, स्टार्टरची पेटी उघडली, डबी होती: २०७. पुढच्या विहिरीवर नव्हती. त्याच्या पुढच्यावर होती: ५४०. बाबा मागून येत होते.

"दुसऱ्याच्या पेट्या कावून उघडून राह्यली? लोकं मले इचारतीन."

"मोजतेय बाबा."

"काय मोजते?"

"ज्या दिसत नाहीत त्या."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि पुढच्या विहिरीवर त्यांनी स्वतःच पेटीचं झाकण उघडून धरलं. अंधार पडायच्या आत पाच आकडे मिळाले. ९६, २०७, ३१८, ५४० आणि ६११. आता डब्यांवर एकपासून ओळीनं आकडे घातले असतील, आणि सहज दिसलेल्या पाचांत सगळ्यात मोठा ६११ असेल, तर खरा शेवटचा आकडा त्याच्या थोडा पुढं असणार. किती पुढं, याचाही एक साधा हिशेब आहे: सगळ्यात मोठ्या आकड्याला, जितके दिसले तितक्यानं भागायचं आणि येईल ते त्याच आकड्यात मिळवायचं. मी फोनवर भागाकार केला. सातशे तीसच्या आसपास.

म्हणजे अर्जात लिहिलेल्या आकड्याच्या सतरा-अठरा पट. मी नाल्याच्या काठावर खुळ्यासारखी उभी राहिले. फुगवणारे मी शेकड्यांनी पाहिले होते, पण पैसे मागायला येऊन स्वतःचा धंदा इतका लहान करून सांगणारा माणूस मी कधी पाहिला नव्हता. आणि आकडेवाल्या माणसाच्या मनात पहिल्यांदा येतो तो संशयच. हिला काहीतरी लपवायचं असणार, असंच मला वाटलं.

मंगळवारी सकाळच्या एसटीनं अकोल्याला गेले. कापूस मार्केटच्या मागच्या गल्लीत दुकान होतं. बाहेर उघड्या मोटारींची रांग, आत तांब्याच्या तारेची रिळं आणि वार्निशचा उग्र वास. दोन बायका जमिनीवर समोरासमोर बसून एका मोटारीत तारेची वेटोळी भरत होत्या. एक माझ्याहून थोडी लहान, तिनंच तो अर्ज केला होता. दुसरी तिची आई. लेक उठली नाही.

"या. बसा. हात गुतले हायेत."

मी कोण ते सांगितलं.

"ज्याईनं नाही म्हटलं, थे?"

"हो," मी म्हटलं. "ते मीच."

"बरं," ती म्हणाली आणि तार ओढत राहिली. मी आढेवेढे न घेता विचारलं की डब्या एकूण किती गेल्यात. तिनं क्षणभरही विचार केला नाही.

"सातशे चार."

पाच विहिरी हिंडून काढलेला माझा अंदाज तिच्या आकड्यापासून फार लांब नव्हता. एरवी मी या गोष्टीवर आठवडाभर मिरवलं असतं. "मग अर्जात एक्केचाळीस का लिहिलं?" मी विचारलं.

तिला माझा प्रश्नच कळला नाही असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. उत्तर आईनं दिलं, मान वर न करता.

"मोटार दुकानातून गेली म्हंजे दुरुस्त झाली काय? हंगाम काढू द्या तिले. परत नाही आली, मंग मोजायची."

मग लेकीनं नीट सांगितलं. त्यांच्या दुकानाची ही पहिल्यापासूनची रीत. मोटार बांधून दिली की ती दुरुस्त झाली असं ते धरत नाहीत. शेतात जाऊन ती एक पूर्ण रब्बी चालली, दिवसरात्रीचे लाइटचे सगळे झटके खाऊन परत दुकानात आली नाही, की मग ती दुरुस्त झालेल्यांत जाते. डब्यांनाही तिनं तोच नेम लावला होता. अर्ज भरला तोवर एक्केचाळीस डब्यांनी अख्खा हंगाम काढला होता. "बाकीच्यायचं मले काय मालूम?" ती म्हणाली. "चालून राह्यल्या हायेत. पन चालल्या असं कसं लिवू?"

मी तिला खरं ते सांगून टाकलं. आमचं मॉडेल, सगळे फुगवतात असं धरून, त्या एक्केचाळीसांतलेही बरेच कापून बसलं होतं. हे ऐकून तिच्या हातातली तार थांबली.

"एक्केचाळीसातलेबी कापले?" असं म्हणून ती हसायला लागली, तिची आई हसायला लागली, आणि मीही हसले.

तुमच्या डबीला बेरिंग बिघडतंय हे कळतं कसं, असं मी विचारल्यावर तिनं हात पुसले आणि आतल्या खोलीत नेलं. भिंतीला लावलेल्या लोखंडी रॅकवर वह्या होत्या. लांबट, लाल पुठ्ठ्याच्या, एकावर एक, पार छतापर्यंत. दुकानात आलेली प्रत्येक जळकी मोटार त्यात होती. तिचे वडील मोटार उघडून सांगायचे आणि आई लिहायची. वडील गेल्यावर आईच उघडायची आणि आईच लिहायची. कुणाची मोटार, किती हॉर्सपॉवरची, विहिरीवरची की बोअरची, कोणत्या महिन्यात जळाली, आणि शेवटच्या रकान्यात कारण. एक फेज गेला. कोरडी चालली. पाणी शिरलं. उंदरानं वायर खाल्ली. बेरिंग. जळक्या वार्निशचा वास कसा होता तेही काही ठिकाणी लिहिलं होतं, कारण कोरडी चालून जळालेल्या मोटारीचा वास वेगळा आणि फेज जाऊन जळालेल्या मोटारीचा वेगळा. आई वासावरून कारण सांगते आणि मोटार उघडल्यावर तेच निघतं, असं लेक म्हणाली.

मी खाली बसले. माझ्या क्षेत्रातल्या माणसाला त्या खोलीत काय दिसलं ते कसं सांगू? पुण्यात आम्ही अशा माहितीसाठी तरसत असतो. मोटार जळाली एवढं कुणीही सांगेल. ती का जळाली, हे उघडून, हुंगून, वर्षानुवर्षं, एकही न गाळता लिहून ठेवलेलं कुठंच मिळत नाही. इथं ते बॉलपेननं, एकाच बाईच्या हस्ताक्षरात, छतापर्यंत होतं. आणि ही लेक, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेली, दोन हिवाळे बसून त्या सगळ्या वह्या कॉम्प्युटरमध्ये भरत होती. मग प्रत्येक कारणाआधी वायरीतला करंट कसा थरथरतो ते तिनं मोजून काढलं आणि डबीला शिकवलं. तिला कुणी मशीन लर्निंग शिकवलं नव्हतं. "नेटवर पाह्यलं थोडंसं," ती म्हणाली. मी इतकी वर्षं या कामात आहे, मोठमोठ्या कंपन्यांची मॉडेलं मी उघडून पाहिली आहेत, पण असं भारावून जाणं मला त्या खोलीतच झालं. मी दुपारभर वह्या वाचत बसले आणि त्यांनी मला वाचू दिलं.

वाचता वाचता शेवटच्या रकान्यात मला एक वेगळंच वाक्य दिसलं. "वाइंडिंग आपलंच चुकलं." चार पानांनी पुन्हा तेच. दुसऱ्या वहीत पुन्हा. दुकानानंच बांधलेली आणि दुकानाच्याच चुकीनं जळालेली मोटार, आणि बाईनं फेज, बेरिंग किंवा उंदीर यांच्याइतक्याच सरळ अक्षरात ते लिहिलं होतं. खाडाखोड नाही, लहान अक्षर नाही. "हे का लिहिलं?" मी आईला विचारलं.

"नाही लिवलं त पुढची कशी सुदरन?" ती म्हणाली.

अमरावतीला परतताना एसटीत माझं डोकं भणभणत होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी एक गोष्ट करून पाहिली. तिच्या अर्जातले एक्केचाळीस खोडले आणि सातशे चार घातले. मॉडेलनं तिला ब्याऐंशी गुण दिले. शुक्रवारच्या यादीत ती दुसऱ्या नंबरवर आली. सगळं किती सोपं होतं. अर्जदाराकडून नवी माहिती आली, असं एक ओळीत लिहायचं, जे खोटंही नव्हतं. अकोल्याच्या बाईला पैसा मिळाला असता, माझं मॉडेल शाबूत राहिलं असतं, मी भागीदार झाले असते, आणि कुणाचंही काही बिघडलं नसतं. बुधवार आणि गुरुवार मी हेच करायचं ठरवून बसले होते. इतकंच नाही, तर भागीदार झाल्यावर मॉडेल हळूच सुधारून टाकीन, अशी स्वतःची समजूतही काढून झाली होती.

पण एक प्रश्न काही केल्या हलेना. ही माझ्या बापाच्या विहिरीवर निघाली म्हणून मला कळलं. जे माझ्या बापाच्या विहिरीवर निघाले नाहीत, त्यांचं काय?

शुक्रवारी बैठक सुरू झाली. पडद्यावर सर आणि फंडाचे इतर तिघे भागीदार होते. मॉडेलवर बोलायला मिळालेल्या पंधरा मिनिटांत मी अकोल्याची गोष्ट सांगितली. डब्या, विहिरी, एक्केचाळीस, सातशे चार. मग म्हटलं, "चूक त्यांच्या अर्जात नाही. आपलं मॉडेल सगळेच फुगवतात असं धरून चालतं. ते मीच तसं बांधलं. जी माणसं हातचं राखून सांगतात त्यांना ते दुप्पट मारतं. चूक माझी आहे."

सरांनी चष्मा काढला.

"अशा किती केसेस असतील?"

"माहीत नाही सर."

"म्हणजे?"

"ज्यांना आपण हो म्हटलं त्यांचं पुढं काय झालं ते आपण बघतो. ज्यांना नाही म्हटलं त्यांच्याकडं आपण परत कधी पाहिलंच नाही."

"मग मॉडेल बरोबर आहे, हे तीन वर्षं आपण कशावरून म्हणत होतो?"

एका भागीदारानं घसा खाकरला. सरांनी अकोल्याचा विषय पुढच्या तपासणीला घेतला, आपण स्वतः दुकान बघायला जाऊ असं म्हणाले, आणि मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तुमचा विषय आपण पुढच्या वर्षी घेऊ." मला राग आला. त्यांचा आला आणि माझाही आला. कॅमेरा बंद करून मी टेबलावर डोकं ठेवलं आणि रडले. बाहेर रस्त्यावर भाजीवाल्यांच्या गाड्या लागत होत्या, सगळं नेहमीसारखं चाललं होतं.

सोमवारी सरांचा मेल आला. तीन वर्षांत मॉडेलनं ज्यांना नाही म्हटलं, त्यातल्या वऱ्हाडातल्या लोकांची यादी मी काढावी आणि प्रत्येकाशी स्वतः बोलावं. फॉर्म नाही, फक्त बोलायचं. यादी काढली तर ती खाली सरकवता सरकवता संपेना. वरून सुरुवात करायची म्हणून पहिला नंबर लावला. बाळापूरचा एक तरुण होता. त्याच्या अर्जात ग्राहक नऊ होते आणि गुण एकोणीस.

तो नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात पाळीवर होता. "सुट्टी झाली का लावतो," म्हणाला आणि दुपारी खरंच त्यानं फोन केला. मी विचारलं की तुमचं ते काम नेमकं काय होतं. तो आधी कचरत बोलला, मग मोकळा झाला. रोज संध्याकाळी तो गावोगावच्या टेम्पोवाल्यांना फोन करायचा आणि कोणत्या गावातून उद्याच्या बाजारासाठी किती क्रेट भरले ते विचारायचा. त्यावरून उद्या टमाटे किती येणार, वांगी किती येणार याचा अंदाज काढून तो शेतकऱ्यांना कळवायचा, म्हणजे ज्याला थांबणं परवडतं तो एक दिवस थांबेल. अंदाज चुकला की का चुकला ते शोधून तो टेम्पोवाल्यांची यादी बदलायचा. मला हे कळायला वेळ लागला नाही, कारण बाजारात एकदम माल उतरला की पाटी तशीच परत घेऊन येणारे माझे वडील मी लहानपणापासून बघत आले आहे. या एका माणसानं, एका मोबाइलवर, बाजार सुरू व्हायच्या आधी बाजार मोजला होता.

"नऊच ग्राहक का लिहिलेत?" मी विचारलं.

"ज्याईनं माह्यावर भरोसा ठेवून एकदा तरी माल थांबवला, थे नऊ. बाकीचे नुसते आयकत होते. दोन-तीनशे असतीन."

"मग बंद का केलंत?"

पलीकडून गेटवरच्या सायकलींचा, माणसांचा आवाज येत राहिला. तो बोलला तेव्हा त्याच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती.

"तुमचं पत्र आलं होतं ना मॅडम. त्यात लिवलं होतं का या कामाले वाढाची जागा दिसत नाही. मी म्हटलं, हे येवढे आकड्यातले लोक हायेत. त्याईले दिसत नाही, त नसंलच."

ते पत्र मीच लिहून ठेवलं होतं, सगळ्यांना जाईल असं, एकदाच.